रस्त्याच्या मधोमधचा थांबा



दिवाळीआधी आमच्या गटाच्या चौघी पुण्याला विक्रीसाठी गेलो होतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी संगमवाडीला सोडलं. जवळ पापड-कुरडयांच्या दोन गोण्या, चटण्यांचे डबे, आणि जायचं विश्रांतवाडीला. रिक्षावाल्याचा भाव ऐकूनच आम्ही म्हटलं, बसच बरी.

थांबा कुठं? तर भर रस्त्याच्या मधोमध! गाड्यांतून गोण्या घेऊन तिथवर जायचं म्हणजे जीव मुठीत. सिग्नल लागेपर्यंत उभ्या राहिलो, मगच पांढऱ्या पट्ट्यांवरून गेलो. घाई करू नका, हे पहिलं सांगणं.

थांब्यावर पोचल्यावर मात्र सुख. थांब्याचा ओटा आणि बसचा तळ एकाच उंचीला. गोणी उचलावी लागली नाही, सरळ ओढत आत नेली. आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात, एसटीत चढताना तिला मागून हात द्यावा लागतो. इथं ती सगळ्यांच्या आधी आत!

याला बीआरटी म्हणतात. बसला रस्त्यात वेगळी राखीव वाट. पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर हा पहिला प्रयोग झाला. त्यात उणिवा राहिल्या. २०१५ मध्ये सुधारलेली बीआरटी आली, त्यातलाच हा संगमवाडीचा मार्ग.

पण नगर रस्त्यावरची अशीच वाट अलीकडे काढून टाकली. दिल्लीत २००८ ला केलेली २०१६ ला उखडली. अहमदाबादेत २००९ पासून चालू आहे, तिथं तिकीट थांब्यावरच काढतात. उखडायचं कारण काय? बस पुढे गेली की वाट रिकामी दिसते, आणि शेजारी मोटारीत अडकलेल्याच्या डोळ्यांत ती खुपते. अहो, त्या एका बसमध्ये पन्नास-साठ माणसं असतात, मोटारीत बहुधा एकटाच! पण मोटारवाल्याचा आवाज मोठा. गोणीवाली बाई तक्रारअर्ज लिहायला कधी जाते? आम्हीही गेलो नव्हतो. आता गटाच्या बैठकीत पत्राचा मसुदा घेतलाय: आहेत त्या वाटा ठेवा आणि थांब्यापर्यंत नीट जाता येईल असं करा.

तुम्ही जाल तेव्हा लक्षात ठेवा, मधल्या थांब्यावर बसचं दार ड्रायव्हरच्या बाजूला उघडतं. आम्ही डावीकडच्या बंद दारापाशी गोण्या लावून बसलो होतो. आणि एसटीतलं बायकांचं अर्धं तिकीट शहराच्या बसला चालत नाही. आम्ही कंडक्टरशी उगाच भांडलो.