टॅटिंग : हातातील हुन्नर आणि हिशेबाची वही
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात आसेगाव येथे केलेले भाषण)



बाहेरच्या खोलीत मुलींच्या हस्तकामाचे प्रदर्शन मांडले आहे. येताना आपण सर्वांनी ते पाहिले असेल. ओढण्यांना लावलेली रंगीत लेस, रुमालांच्या कडा, दोऱ्याची कर्णफुले आणि गळ्यातील पट्टे पाहून पुष्कळांनी मला विचारले, "हे क्रोशाचे काम का?" नाही. हे टॅटिंग आहे. त्यात सुई नाही आणि आकडीही नावापुरतीच. बोटभर लांबीचे एक शटल आणि दहा बोटे, एवढ्यावर हे काम होते. आयुष्याची बरीच वर्षे मी मुलींना शिवणकाम आणि हस्तकाम शिकविले. त्यामुळे आज याच विषयावर बोलावे असे संस्थेने सुचविले. मीही आनंदाने होकार दिला. कारण या निमित्ताने मला एक जुनी चूकही आपल्यासमोर कबूल करायची आहे.

प्रथम या कामाची ओळख करून देते. शटल म्हणजे धोटा. मोमीन बांधवांच्या घरी मागावर जो धोटा इकडून तिकडे धावतो, त्याचेच हे लहान भावंड. मालेगाव, भिवंडी, कामठी येथील विणकर घराण्यांना धोट्याची ओळख करून देण्याची गरज नाही. आमचे शटल छोट्या होडीच्या आकाराचे असते. दोन पाती, मध्ये दांडी आणि दांडीवर गुंडाळलेला दोरा. पातींची टोके एकमेकांना टेकलेली असतात, म्हणून दोरा सोडताना टिक् टिक् असा बारीक आवाज येतो. तुर्कस्तानात या लेसला 'मेकिक ओयासी' म्हणतात. मेकिक म्हणजे धोटा आणि ओया म्हणजे डोक्यावरच्या रुमालाची कड. अरबीत धोट्याला 'मक्कूक' हा शब्द आहे. तुर्की खेड्यांतील बायकांनी रुमालाच्या कडांना जणू बोलायला शिकविले. नवऱ्यावर रुसलेली सून लाल मिरच्यांच्या नक्षीची कड लावी आणि तोंडाने काही न बोलता सासरच्या मंडळींना समजून चुके, असे तिकडे सांगतात. आपल्याकडच्या सुनांनी हा उपाय करून पाहायला हरकत नाही!

युरोपात हे काम सुमारे दोनशे वर्षांपासून चालत आले आहे. इंग्लंडमध्ये रिएगो दे ला ब्रांशार्दियेर नावाच्या बाईंनी १८५० च्या सुमारास त्याचे नमुने पुस्तकरूपाने छापले आणि घरोघरी पोचविले. रुमानियाची राणी एलिझाबेथ स्वतः शटल चालवीत असे. पण या कामाला मिळालेली नावे पाहा. फ्रेंच भाषेत 'फ्रिवोलिते', म्हणजे उथळ, फुकाचा उद्योग. इटालियन नावाचा अर्थ गप्पाटप्पा. बायका जे बसल्याबसल्या करतात ते काम नव्हेच, असे मानणारे लोक सगळ्या देशांत सापडतात. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

आता कृती. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फेर घ्यायचा आणि उजव्या हातातील शटल त्याच्या खालून-वरून न्यायचे. एक अर्धी गाठ खालून, दुसरी वरून. दोन्ही मिळून एक पूर्ण गाठ. ऐकायला सोपे आहे. परंतु यात एक मेख आहे आणि नव्या मुली तिथेच रडकुंडीस येतात. गाठ शटलच्या दोऱ्याची बसता कामा नये. ती हाताभोवतीच्या दोऱ्याची बसली पाहिजे. त्यासाठी शटल फिरविल्यावर डाव्या हाताची बोटे किंचित सैल सोडायची आणि शटलचा दोरा ताणून सरळ करायचा. लगेच गाठ एका दोऱ्यावरून उडी मारून दुसऱ्यावर जाते. अशी गाठ मण्यासारखी सरकते. वीस गाठी झाल्या की दोरा ओढला, की गोल कडे मिटते. एकच गाठ उलट्या दोऱ्यावर बसली तर कडे मिटत नाही. मग कात्री घ्या आणि पुन्हा पहिल्यापासून!

दोन गाठींमध्ये थोडी जागा सोडून त्या जवळ सरकविल्या की मधला दोरा फासासारखा वर उभा राहतो. हा फास नुसता शोभेचा नव्हे. पुढचे कडे मागच्या कड्याला याच फासातून जोडले जाते, त्यासाठी बारीक आकडी लागते. एक सोपी कड सांगते. पाच गाठी, फास, पाच गाठी, फास, पाच गाठी, फास, पाच गाठी, कडे मिटवा. काम उलटवून दुसऱ्या दोऱ्यावर दहा गाठींची साखळी करा. पुन्हा कडे करा, पण पहिला फास सोडण्याऐवजी मागच्या कड्याच्या शेवटच्या फासाला जोडून घ्या. कड्यात शटलचा दोरा दिसतो, साखळीत गुंडीचा. म्हणून शटलवर लाल आणि गुंडी हिरवी घेतली, तर हिरव्या वेलीवर लाल फुले आपोआप उमलतात. चार कडी मध्याभोवती जोडली की फूल होते. त्याला आकडा लावला की कर्णफूल. फासांमध्ये मणी ओवले की दागिना अधिक शोभतो. सोने अंगावर घालण्याची ऐपत सर्वांची नसते, पण दोऱ्याचा दागिना ईदच्या दिवशी कोणत्याही मुलीला मिरविता येतो.

साहित्यालाही फार खर्च नाही. क्रोशाची चकचकीत सुती गुंडी चालते. सुताला ताण देऊन सोड्याची प्रक्रिया केली की ते मजबूत आणि तकतकीत होते आणि गाठ त्यावर चांगली सरकते. शटल विकत मिळाले नाही तर जाड प्लॅस्टिकचा वा पुठ्ठ्याचा तुकडा होडीसारखा कापून दोन्ही टोकांना खाच द्यावी. माझ्या कित्येक मुलींनी पहिली लेस अशाच पुठ्ठ्यावर केली.

बंधुभगिनींनो, आपला हा वऱ्हाड कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत आगगाडी आली. कापूस येथून जाई आणि गिरणीचे कापड विकायला इकडे येई. पिकविणारा जिथल्या तिथे राही. पैसा मधल्या हातांत थांबे. मी हे का सांगते? कापसाच्या बाबतीत जे शेतकऱ्याचे झाले, तेच लेसच्या बाबतीत बाईचे होऊ शकते.

आंध्रातील नरसापूरचे उदाहरण घ्या. तेथील हजारो स्त्रिया क्रोशाची लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्या भागात ही कला आणली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन विदुषीने तेथे राहून अभ्यास केला. तिचे पुस्तक १९८२ साली निघाले. तिला काय दिसले? बायका घरकाम सांभाळून रोज कित्येक तास विणत होत्या, पण त्यांना कामगार कोणी म्हणत नव्हते. 'घरी बसलेल्या बायका रिकाम्या वेळात करतात' असे म्हटले की मजुरी कमी द्यायला मोकळीक! व्यापारी मोठे झाले, विणणारी होती तिथेच राहिली. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाने नाव राखले जाते. दाम मात्र हिशेब मांडणाऱ्यालाच मिळतो.

तेव्हा हिशेब मांडू. मुलींनो, वहीत लिहून घ्या. एक कडे वीस गाठींचे, साखळी दहा गाठींची, एकूण तीस. समजा एवढे काम एक सेंटिमीटर जागा व्यापते. ओढणीच्या दोन कडा, एक-एक मीटरच्या. म्हणजे दोनशे सेंटिमीटर. दोनशे गुणिले तीस, सहा हजार गाठी. प्रत्येक गाठ दोन हालचालींची, म्हणजे शटल बारा हजार वेळा फिरले. जोडणे, मिटविणे धरून मिनिटाला दहा गाठी पडल्या, तर सहाशे मिनिटे. दहा तास! शेतावर किंवा कारखान्यात आठ तासांचा दिवस धरतात. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हापासून माती वाहणाऱ्या बाईलाही ठरलेल्या मजुरीचा हक्क मिळाला. मग सव्वा दिवसाच्या या नाजूक कामाचे मोल 'मीटरमागे काहीतरी' असे का असावे? हा गुणाकार जिला येतो, तिला कोणी सहज फसवू शकत नाही.

आता ती चूक. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. तिच्याइतकी समान गाठ मी आजवर पाहिली नाही. नववीत असताना तिची लेस जवळच्या बाजारातील एका दुकानदाराला आवडली आणि मागणी सुरू झाली. मी कौतुकाने तिच्या अब्बांना म्हटले, "तुमची मुलगी घरबसल्या कमावील." त्यांनी माझे शब्द खरे मानले. मुलगी दहावीच्या परीक्षेला बसलीच नाही. घरी बसून लेस करू लागली. दुकानदार देईल ते घेई. नग मोजायचा तो आणि भाव सांगायचा तो.

काही वर्षांनी गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. तेव्हा दहावीची अट होती. ती माझ्याकडे आली. हातात एक सुंदर दुपट्टा होता, मला भेट आणलेला. म्हणाली, "बाई, हे सर्टिफिकेटच्या जागी चालत नाही ना?" मला उत्तर देता आले नाही. तिने पुढे १७ नंबरचा फॉर्म भरला. दोन विषय राहिले, पुन्हा बसली, सुटली. तोवर ती जागा भरली होती. तिने मला कधी दोष दिला नाही. पण मी माझ्या मनाशी तो देते. मी त्या घरात हुन्नर नेला, पण पुस्तक बाहेर जाताना दिसत असूनही दार अडविले नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलीच्या हाती शटल जरूर द्या. त्याने नजर बारीक होते, हाताला शिस्त लागते आणि चुकलेले उसवून पुन्हा करण्याची सवय जडते. पण शाळेच्या वेळेत शटल नको आणि दहावी-बारावीच्या वर्षी मागणीचे काम नकोच. लेसची मागणी पुढच्या वर्षीही येईल. परीक्षेचे वय निघून गेले की ते परत आणताना किती दमछाक होते, ते मी पाहिले आहे. आणि मुलाने ही कला शिकली तर त्याला हसू नका. मागावरचा धोटा पुरुषांनीच पिढ्यान् पिढ्या चालविला आहे.

संस्थेलाही एक सूचना करते. हस्तकामाच्या तासाला प्रत्येक मुलीने एक वही ठेवावी. दोरा किती लागला, वेळ किती गेला, भाव काय आला, हे तिने स्वतःच्या अक्षरात लिहावे. पैसे मिळाल्यास ते तिच्या स्वतःच्या बचत खात्यात जावेत. मुली चार-पाच जणींनी मिळून भाव ठरवावा, एकटीने दुकानाच्या पायरीवर उभे राहू नये.

टॅटिंगची सारी विद्या एका गोष्टीत आहे, हे मी आरंभी सांगितले. गाठ योग्य दोऱ्यावर बसली पाहिजे. मुलीची कमाई तिच्या शिक्षणाच्या दोऱ्यावर बसली, तर पुढे सरकते. शिक्षणच तोडून कमाईची गाठ मारली, तर कडे मिटत नाही. माझ्या हातून एकदा ती गाठ उलटी पडली. आपल्या हातून पडू नये, म्हणून एवढे बोलले.

भाषणानंतर मी बाहेरच्या खोलीतच थांबणार आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे. पुठ्ठ्याची शटले करून आणली आहेत. वही मात्र आपली आपण आणायची!