कांद्याचे रोप वेळेवर लावा



आज आपण परसातल्या कांद्याविषयी बोलू. भाकरीबरोबर कांदा लागत नाही, असं घर आपल्या खानदेशात क्वचितच सापडेल. पण बाजारातला कांदा आज स्वस्त, तर उद्या महाग. १९९८ साली तो इतका महागला की दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीत तोच प्रश्न गाजला. गरिबाच्या ताटातला कांदा असा दुसऱ्याच्या हाती असतो. निदान थोडा तरी आपल्या हाती ठेवावा.

घरचा वाफा किती देतो? दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद वाफा धरा. दोन ओळींत सहा इंच, दोन रोपांत चार इंच अंतर ठेवले तर ३०० रोपे बसतात. त्यांतली ५० मेली, आणि उरलेल्यांचा कांदा सरासरी ६० ग्रॅमच भरला, तरी १५ किलो होतात. आठवड्याला एक किलो कांदा लागणाऱ्या घराची तीन महिन्यांची सोय झाली.

पण हा हिशेब रोप वेळेवर लावले तरच. पुष्कळ लोक म्हणतात, "घाई कशाला? संक्रांत होऊ द्या, मग लावू." इथेच नुकसान होते. ते कसे?

कांदा आडवा कापून पाहा. आत वेढे दिसतात. हे वेढे म्हणजे पातींची बुडे. पाती जितक्या जास्त, तितका कांदा मोठा. पात वाढायला थंडी लागते. पुढे दिवस मोठा होतो, ऊन तापते, आणि झाड नवी पात काढायचे सोडून कांदा भरू लागते. ते आपली वाट पाहत नाही. डिसेंबरच्या आरंभी लावलेल्या रोपाला थंडीचे दोन-अडीच महिने मिळतात. जानेवारीअखेर लावलेल्याला जेमतेम तीन आठवडे. मग कांदा लिंबाएवढा राहतो. शिवाय उन्हात फुलकिडेही वाढतात.

मग सप्टेंबरातच बी टाकावे का? तसंही नाही. जाड, मोठे रोप कडक थंडीत सापडले, तर डेंगळे येतात. डेंगळ्याचा कांदा टिकत नाही.

म्हणून असे करा :

ऑक्टोबरच्या मध्यास गादीवाफ्यावर बी टाका. दोन ग्रॅम बी पुरे; त्यात सुमारे ५०० दाणे असतात. बी ताजे घ्या. कांद्याचे बी वर्षभरात जुने होते, मग नीट उगवत नाही. पाकिटावरची तारीख आता आपली आपण वाचा. रब्बीसाठी एन-२-४-१ हे वाण, किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे 'भीमा शक्ती' चांगले. दोन्ही टिकाऊ आहेत.

सहा-सात आठवड्यांनी, पेन्सिलीहून थोडे बारीक असतानाच रोप उपटा. पातीचा वरचा तिसरा भाग कापून टाका. सायंकाळी ओल्या वाफ्यात लावा. खोल पुरू नका. तिसऱ्या दिवशी पुन्हा हलके पाणी द्या.

हिवाळ्यात भरतासाठी पात लागतेच. पण सगळ्या वाफ्याची पात खुडली, तर कांदा पोसायचा कशावर? पातीसाठी वेगळी ओळ लावा, तीच उपटून खा.

मार्चअखेर माना पडू लागतात. त्याआधी दोन आठवडे पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की कांदा काढा. त्याच्याच पातीने झाकून तीन-चार दिवस वाफ्यात सुकू द्या. मग एक इंच मान ठेवून पात कापा आणि दहा दिवस सावलीत पसरा. हवेशीर जागी ठेवलेला हा कांदा कांदेनवमीपर्यंत पुरेल.

खर्च थोडा आहे, जागा थोडी आहे. वेळ मात्र चुकवू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन खुणा करा. १५ ऑक्टोबरला लिहा, 'बी'. १ डिसेंबरला लिहा, 'रोप'. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. पण स्वतःच्या हाताने लिहा.