गुंठ्याचा भाव आणि लेकीचं शिक्षण

आम्ही थेरगावातून बोलतोय, बचत गटांचं काम बघतो. पवनेकाठच्या आमच्या गावात आता शेतं कमी आणि सोसायट्या जास्त. चाकण, मावळ, मुळशीकडच्या गटांत गेलो की तिथेही तेच बोलणं असतं : बिल्डर आलाय, जागा मागतोय.

मागे एका ताईंच्या मुलीने बी.कॉम. झाल्यावर विचारलं, ‘रिअल इस्टेट फायनान्स’ शिकू का? म्हणजे जमीन आणि इमारतींच्या व्यवहारामागचं पैशाचं गणित. बैठकीत बायका म्हणाल्या, "अगं, ते एजंटाचं काम. त्याला दोन वर्षं कॉलेज कशाला?"

एजंट गिऱ्हाईक आणतो. हे शिक्षण हिशेब शिकवतं. त्यातला पहिलाच धडा आपल्या ओळखीचा आहे : आजचा रुपया आणि चार वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो. समजा, जागेचे आज ४० लाख किंवा चार वर्षांनी ५० लाख, असं कुणी म्हणालं. घरात सगळे म्हणतील, ५० घ्या. पण ४० लाख वर्षाला ८ टक्के चक्रवाढ व्याजाने वाढले, तर चार वर्षांत ५४ लाखांच्या वर जातात. म्हणजे ५० लाख कमीच पडले. शिवाय पैसे बुडायची भीती आपल्या माथी.

घराच्या कर्जाचंही तसंच. २० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज. २० वर्षांची मुदत घेतली तर हप्ता येतो सुमारे १८,००० आणि एकूण भरावे लागतात ४३ लाखांच्या वर. तेच १५ वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे २,३०० रुपयांनी वाढतो, पण साडेसहा लाखांहून जास्त वाचतात.

पुढे त्या अभ्यासात इमारतीला पैसा कुठून येतो, फ्लॅट विकले गेले नाहीत तर काय होतं, हेही येतं. त्यासोबत कायदा येतो. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा काम करतं. नोंदणी झालेल्या प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. ते फक्त जमीन आणि बांधकामाच्या खर्चासाठी. विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

आता बायांच्या मुद्द्याचं. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू कुटुंबातल्या मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. पण जमिनीला भाव आला की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं, "सही कर, माहेर तुटू देऊ नकोस" म्हणून. सोडायचं की ठेवायचं, ते तिने ठरवावं. पण आपण किती रुपये सोडतोय, एवढं तरी सही करण्याआधी तिला कळायला हवं. घरात हिशेब मांडणारी एक लेक असेल, तर ते कळतं.

शिकायचं कुठे? आमच्या जवळच बालेवाडीला निकमार विद्यापीठ आहे. तिथे रिअल इस्टेटच्या व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. दुसरी वाट म्हणजे राज्याची एम.बी.ए.ची सीईटी देऊन फायनान्स विषय घेणं. त्या परीक्षेला बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. कुठलीही पदवी चालते. गणिताची भीती मात्र घालवावी लागते.

फी भरपूर असते, हे खरं. म्हणून जमीन गहाण टाकू नका. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी केंद्र सरकारची हमी योजना आहे, तिच्यात तारण किंवा जामीनदार लागत नाही. बँकेत जाऊन त्या योजनेचं नाव घेऊनच विचारा. आणि प्रवेशाआधी कॉलेजला दोन प्रश्न लेखी विचारा : सगळे खर्च धरून फी किती, आणि मागच्या वर्षीच्या मुलींना नोकऱ्या कुठे लागल्या?

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर ४० आणि ५० लाखांचं गणित एकदा करून बघा. व्याज ६ टक्के धरा, मग १० टक्के धरा, उत्तर कसं बदलतं ते पाहा. शाळेत जाणाऱ्या मुलींनाही शेजारी बसवा.