बारा फुटांची खोली
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



परप्रांतात साठ वर्षे मराठी शाळा चालवणे किती कठीण, हे आपण सारे जाणता. आज कार्यकारिणीपुढे नव्या इमारतीचा आराखडा आहे. त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मला फ्रान्समधले एक गाव आठवले.

भूमध्य समुद्राच्या काठी, मोनॅको आणि मांतों यांच्या मध्ये रोकब्र्यून-काप-मार्तां वसले आहे. वर डोंगरावर दहाव्या शतकातला किल्ला आणि त्याला बिलगलेली जुनी वस्ती. खाली रेल्वे स्थानक आणि समुद्र. स्थानकापासून किनाऱ्यालगत जाणारी पाऊलवाट वास्तुशिल्पी ल कॉर्ब्यूझिए यांच्या नावाने ओळखली जाते. या वाटेवर त्यांची एक लाकडी खोली आहे.

1951 मध्ये त्यांनी आपल्या चंदीगढचे काम हाती घेतले. त्याच सुमारास ही खोली त्यांनी स्वतःसाठी आखली. 1952 मध्ये ती उभी राहिली. लांबी 3.66 मीटर, रुंदी तेवढीच, म्हणजे बारा फूट. उंची 2.26 मीटर. स्वयंपाकघर नाहीच, शेजारच्या खानावळीत जाण्यासाठी भिंतीत एक दार ठेवलेले. अख्खे शहर आखणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात एवढी जागा पुरत असे. 2016 मध्ये युनेस्कोने त्यांच्या 17 कामांना एकत्रितपणे जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत चंदीगढचा कॅपिटॉल परिसर आहे, तशी ही खोलीही आहे.

तिच्या दारात उभा असताना मला आपला पहिलीचा वर्ग आठवला. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की बाई आवाज चढवून कविता म्हणत आणि आम्ही त्यांच्याहून मोठ्याने.

मग मी पायऱ्या चढून वर गावात गेलो. अरुंद गल्ल्या, दगडी कमानी आणि वळणावळणावर दिसणारा समुद्र. तिथल्या दफनभूमीत पत्नी इव्हॉन यांच्यासह ल कॉर्ब्यूझिए विसावले आहेत. थडग्याची रचनाही त्यांचीच. 27 ऑगस्ट 1965 रोजी खालच्या त्याच समुद्रात पोहताना त्यांना मृत्यू आला.

तिथे बसलो असताना त्या 2.26 मीटरांचा अर्थ मनात घोळत राहिला. सहा फूट उंचीच्या माणसाने हात वर केला की बोटांची टोके जिथे पोहोचतात, ते हे माप. ल कॉर्ब्यूझिए आपल्या वास्तू या मापाने बांधत. त्या मापात मूल मात्र नाही.

मित्रहो, आपल्या शाळेतही हात वर होतो. बाईंना उत्तर सांगण्यासाठी. माझ्या वेळी एका बाकावर आम्ही चौघे दाटीवाटीने बसत असू. आज पहिलीच्या वर्गात बाके रिकामी दिसतात. आराखड्यात भव्य सभागृह आहे, त्याला माझा विरोध नाही. पण त्याआधी दूरच्या वस्त्यांतून मुले आणणारी गाडी हवी, शिक्षकांना वेळेवर पुरेसे वेतन हवे आणि बालवर्गासाठी एक उजेडाची खोली हवी. ती बारा फुटांची असली तरी चालेल.

आपल्या इमारतीचे माप त्या वर होणाऱ्या लहानग्या हातावरून घेतले जावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.