बालशिक्षकाचा व्यवसायधर्म

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बालवाडीच्या शिक्षिका व पालक यांच्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या या दिवसांत आपल्या मंदिराच्या वेदीचें, घंटेचें व मनोऱ्याचें पुष्कळ कौतुक झालें, आणि तें यथायोग्यच आहे. परंतु याच आवारांत एक लहानशी खोली आहे. तेथें दररोज सकाळीं तीन ते सहा वर्षांचीं मुलें जमतात. त्या खोलीविषयीं चार शब्द बोलण्याची आज मला आज्ञा झाली आहे.

वैद्याला त्याच्या व्यवसायाचा धर्म असतो, वकिलाला असतो, हें आपण जाणतों. पण बालवाडीच्या बाईंनाही तसाच एक धर्म आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. "मुलें तर सांभाळायचीं, त्यांत शास्त्र कसलें?" असें आपण सहज बोलून जातों. हा समज कां टाकला पाहिजे, तें प्रथम पाहूं.

रोगी वैद्य बदलूं शकतो. पक्षकार वकिलास जाब विचारूं शकतो. तीन वर्षांच्या मुलास यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. दिवसभरांत काय घडलें, हें घरीं नीट सांगण्याइतके शब्दही त्याच्यापाशीं नसतात. जेथें दुसरा पक्ष इतका दुर्बळ, तेथें पहिल्या पक्षाची सत्ता सर्वांत मोठी. आणि जेथें सत्ता मोठी, तेथें तिला आवर घालणारा नियमही तितकाच दृढ हवा. शिवाय बाईंना एकाच वेळीं अनेकांचें ऐकावें लागतें: मुलाचें, आईबापांचें, संस्थाचालकांचें. या सर्वांचीं मागणीं एकमेकांविरुद्ध गेलीं, तर आधीं कोणाचें ऐकावें? अमेरिकेंतील लिलियन कॅट्झ या विदुषीनें १९७० नंतरच्या दशकांत नेमका हाच विचार मांडला, आणि १९८९ सालीं त्या देशांतील बालशिक्षकांच्या राष्ट्रीय संघानें आपली आचारसंहिता स्वीकारली. मुलांविषयीं, कुटुंबांविषयीं, सहकाऱ्यांविषयीं व समाजाविषयीं अशीं कर्तव्यांचीं चार अंगें तींत सांगितलीं आहेत. आणि मुलाला अपाय होऊं न देणें हा नियम बाकी सर्व नियमांच्या वर ठेवला आहे.

हा विचार परक्या देशाचा म्हणून कोणी दूर लोटूं नये. रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. मुलावर हुकूम चालविण्याआधीं त्याच्याकडे नीट पाहावें, ही त्यांची शिकवण भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं रुजविली, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं ती आपल्या प्रांतीं आणली. १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ताराबाईंनीं ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्याच वर्षीं त्यांना येऊन मिळाल्या. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आज हा मुलूख आपल्याच पालघर जिल्ह्यांत मोडतो.

तेथें त्यांनीं काय केलें, याकडे बारकाईनें पाहा. माँटेसरीचीं महाग साधनें खेड्यास परवडत नव्हतीं, म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानें यांचीं साधनें केलीं. वारली मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' या शब्दाचें मूळ येथें आहे. मुलें गुरें राखावयास जातात असें दिसलें, तेव्हां कुरणावरच शाळा भरविली. "मुलें येत नाहींत, आम्हीं काय करावें?" असें म्हणून त्या बसल्या नाहींत. मूल शाळेजोगें नसेल तर शाळा मुलाजोगी करावी, हाच त्यांचा व्यवसायधर्म होता.

आतां आपल्या खोलीकडे वळूं. एखादा बाप बाईंना म्हणतो, "हवें तर चार फटके द्या, पण जूनपर्यंत त्याला लिहितां आलें पाहिजे." बाप वाईट नाहीं; शेजारचें मूल पुढें गेलें, आपलें मागें राहील, हें भय त्याच्या तोंडून बोलत असतें. बाईंनीं काय करावें? बापाची आज्ञा म्हणून फटका द्यावा, तर मुलाचा विश्वास गेला. बापाला झिडकारावें, तर घर तुटलें. म्हणून त्याला बोलावून जवळ बसवावें आणि तीन वर्षांच्या मुलाचीं बोटें अजून लेखणी धरावयास तयार नसतात, तीं माती मळून, मणी ओंवून, दाणे निवडून तयार होतात, हें त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवावें. त्याचें भय ऐकावें. पण फटक्याची परवानगी कोणीही दिली तरी ती घेऊं नये. जें आईबापांच्या हातीं नाहीं, तें तीं दुसऱ्यास देऊं शकत नाहींत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शाळेंत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. सहा वर्षांच्या मुलास जें वर्ज्य, तें तीन वर्षांच्या मुलास चालेल, असें कोणती विवेकबुद्धी म्हणेल?

मार केवळ हाताचाच असतो असेंही नाहीं. "हा मठ्ठ आहे" हें वाक्य चार बायांच्या देखत उच्चारलें, कीं तें मुलाच्या कपाळीं चिकटतें. घरची बोली बोलला म्हणून कोणी हंसलें, तर त्याला आपल्या आजीचीच लाज वाटूं लागते. वर्गणी देणाऱ्याचें मूल पुढें आणि मोलकरणीचें मागें, असें एकदां बसविलें, तर शिकवावयाचें तें शिकवून झालें! आणि घरांतील भांडण, दारू, दारिद्र्य हें मूल निरागसपणें बाईंना सांगून टाकतें. तें गावच्या विहिरीवर जाऊं नये. मुलाच्या तोंडून ऐकलेलें घरचें दुःख ही बाईंजवळची ठेव आहे.

परंतु एक गोष्ट अशी आहे, कीं जी झांकून ठेवणें हेंच पाप आहे. मुलाच्या अंगावर वळ दिसले, तें एखाद्या माणसास पाहून थरथरूं लागलें, किंवा त्याच्या शरीराशीं कोणीं दुर्वर्तन केल्याचा संशय आला, तर मौन हा सद्गुण राहत नाहीं. लैंगिक अत्याचारापासून बालकांचें संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यान्वयें असा गुन्हा घडल्याचें किंवा घडण्याचा संभव असल्याचें ज्यास कळेल, त्यानें पोलिसांस खबर दिलीच पाहिजे. न देणारास सहा महिनेपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. १०९८ हा दूरध्वनि क्रमांक बालकांच्या मदतीसाठींच आहे. तो बालवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

अशा वेळीं गावांत कुजबुज उठते: "धर्मग्रामाची अब्रू जाईल, फादरांचें नांव खराब होईल, महोत्सवाच्या वर्षीं हें कशाला?" बंधुभगिनींनो, मी स्पष्ट सांगतों. मुलाला गप्प बसवून राखलेली अब्रू ही अब्रूच नव्हे. ख्रिस्तसभेनें हा धडा अनेक देशांत फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. २०१९ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर असें कृत्य वरिष्ठांस कळविण्याचें बंधन घातलें, आणि देशाच्या कायद्यानें लादलेलें कर्तव्य त्यामुळें कमी होत नाहीं, हेंही बजावलें. तेव्हां आरोप धर्मगुरूवर असो, कारभाऱ्यावर असो वा जवळच्या नातलगावर असो, बाईंनीं भिऊं नये. आणि खबर दिली म्हणून त्यांची नोकरी जातां कामा नये, ही जबाबदारी आपणां सर्वांची आहे.

शेवटीं एक शब्द तुम्हां-आम्हां चालकांस. शिक्षिकेकडून धर्माची अपेक्षा करावयाची आणि तिला मात्र दानधर्म म्हणून चार रुपये द्यावयाचे, हें सुसंगत नाहीं. सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेस २ ऑक्टोबर १९७५ रोजीं आरंभ झाला. तरी तिच्या अंगणवाडी सेविकेला मिळतें त्यास वेतन न म्हणतां मानधनच म्हटलें जातें. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या सेविकांचा उपदानावरील हक्क मान्य केला, तो कांहीं दया म्हणून नव्हे. आपल्या बालवाडींतही बाईंना वेळेवर पुरता पगार, शिकण्यास सवड, आणि सांभाळतां येतील इतकींच मुलें मिळालीं पाहिजेत. पन्नास मुलांत एकटी सोडलेली बाई रागावली, तर तो दोष तिचा एकटीचा नाहीं.

महोत्सवाची आठवण म्हणून आपण मनोऱ्यास नवा रंग दिला. त्याबरोबरच आणखी एक काम करूं या. येथें जे नियम मीं सांगितले, ते शिक्षिका, पालक व चालक यांनीं एकत्र बसून सोप्या मराठींत लिहून काढावे, त्यांवर सर्वांनीं सह्या कराव्या, आणि दर जून महिन्यांत ते पुन्हां वाचावे. पहिली सही धर्मगुरूची असावी, म्हणजे नियमाबाहेर कोणीच उरला नाहीं असें मुलांच्या आईबापांस दिसेल.

परमेश्वर आपल्या बालवाडीस, तेथील शिक्षिकांस व आपल्या मुलांस सुखरूप राखो.