देवमाशाचा शेजार

हॉकी म्हटली की आपल्याला ध्यानचंद आठवतात, मैदान आठवतं. आज ज्या हॉकीच्या घराबद्दल बोलायचं आहे, तिथे मैदानही नाही आणि चेंडूही नाही. तिथे आहे बर्फाची लादी आणि तिच्यावर सुसाट घसरणारी रबराची चकती. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात येल विद्यापीठाचं हे इंगल्स रिंक १९५८ साली उभं राहिलं. आराखडा ईरो सारिनेन यांचा. छपराची फुगीर पाठ पाहून लोकांनी त्याला देवमासा ठरवलं आणि 'येल व्हेल' असं यमकही आयतंच जुळलं. तेव्हापासून या वास्तूची चर्चा होते ती तिच्या रूपाची. माझं म्हणणं असं की, वस्तीत उभ्या राहिलेल्या एवढ्या मोठ्या इमारतीला आधी शेजारधर्माच्या कसोटीवर घासून पाहावं.

या कसोटीवर सारिनेन यांचं काम चोख उतरतं. मधोमध जवळजवळ तीनशे फूट लांबीची काँक्रीटची कमान आहे, पाठीच्या कण्यासारखी. तिच्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंतींपर्यंत पोलादी दोर ताणले आहेत आणि त्यांवर लाकडी फळ्यांचं छप्पर पेललेलं आहे. त्यामुळे आत खांब नाही, साडेतीन हजार प्रेक्षकांपैकी कुणाच्या नजरेआड काही येत नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते बाहेरचं. छप्पर उंच होतं ते फक्त मध्यावर. कडेला येईपर्यंत ते खाली उतरलेलं असतं. क्रीडागार म्हणजे वस्तीला पाठ दाखवणारी कोरी भिंत, हा सगळीकडचा अनुभव. इथे ती भिंत बुटकी राहिली. पुढे जागा कमी पडली, तेव्हा सारिनेन यांच्याच कचेरीत घडलेले केव्हिन रोश यांनी वाढीव खोल्या जमिनीखाली नेल्या, देवमाशाच्या अंगाला ठिगळ लावलं नाही. खर्च मूळ अंदाजाच्या दुप्पट झाला, पंधरा लाख डॉलर लागले, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे आणि खोटाही नाही. मात्र स्वस्तातलं पत्र्याचं गोदाम बांधलं असतं, तर उरलेली किंमत रोज समोरून जाणाऱ्यांनी मोजली असती.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. रिंकपासून थोडं चालत गेलं की डिक्सवेल आणि न्यूहॉलव्हिल या वस्त्या लागतात, प्रामुख्यानं कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या. त्यांची चूल ज्यावर पेटायची तो विंचेस्टरचा बंदुकांचा कारखाना २००६ साली बंद झाला. कारखाना मालमत्ता कर भरायचा; विद्यापीठाच्या शैक्षणिक इमारतींना तो माफ आहे. म्हणजे शेजारी कितीही देखणा असला, तरी गल्लीच्या वर्गणीत त्याचा वाटा नाही, असं कुणी म्हटलं तर त्याला चूक कसं म्हणणार? विद्यापीठाच्या बाजूनं उत्तर असं असतं की, नोकऱ्या आम्ही देतो, बुडालेल्या कराची काही भरपाई राज्य सरकार करतं, शिवाय आम्ही स्वखुशीनंही रक्कम देतो. हे खरं आहे; २०२१ साली तर सहा वर्षांत आधीपेक्षा ५ कोटी २० लाख डॉलर जास्त देण्याचं येलनं कबूल केलं. पण स्वखुशीची रक्कम आणि कर यांत फरक आहे. कर मागता येतो, स्वखुशीची वाट पाहावी लागते.

म्हणून देवमाशाला दोषी धरायचं का? मुळीच नाही. भिंतीनं आपलं काम केलं आहे, हिशेब तिच्या मालकाकडे आहे. आणि हा हिशेब सगळा डॉलरमध्येच करायला हवा असंही नाही. बर्फ गोठवून ठेवायचा खर्च सामना असो वा नसो, हंगामभर चालूच राहतो. तेव्हा पुढचा करार लिहिताना रकमेच्या शेजारी आणखी एक आकडा असावा: डिक्सवेल आणि न्यूहॉलव्हिलच्या शाळकरी मुलांसाठी आठवड्याला बर्फाचे किती तास, बूट आणि काठ्यांसकट.