गावची पेटी, गावची जत्रा



आज आम्ही तुमच्याशी पैशाविषयी बोलणार आहोत. हा पैसा सावकाराचा नाही. हा पैसा तुमचा आहे. तो ग्रामपंचायतीच्या पेटीत असतो. कायद्यात या पेटीला 'ग्रामनिधी' म्हणतात.

ही पेटी भरते कशी? १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीला कर बसवण्याचा अधिकार दिला. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजाराची फी, जत्रेवरचा कर, हे सारे या पेटीत येते. शिवाय सरकारकडून अनुदान येते. पण अनुदान हवे तसे खर्चता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी गावांना पैसा दिला. त्यातल्या १०० रुपयांपैकी ६० रुपये पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचे, अशी अट होती.

आपण घरी काय करतो? बाजारच्या दिवशी हातात पाचशे रुपये असले, तर मीठ-मिरची किती, तेल किती, पोरांच्या वह्या किती, हे घरची बाई आधी मनात मांडते. मग पिशवी उचलते. पंचायतीनेही असेच आधी मांडायचे असते. जमा किती होईल, खर्च कशावर करायचा, हे कागदावर लिहायचे. त्या कागदाला अंदाजपत्रक म्हणतात.

आता आमच्याच गावची गोष्ट ऐका.

एका चैत्रात जत्रा आठ दिवसांवर आली होती. आणि नेमकी पाण्याच्या विहिरीवरची मोटार जळाली. बायका हंडे घेऊन लांब मळ्यातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. ग्रामसभा भरली. आम्ही काही मंडळी पुढे बसलो होतो. आम्ही म्हणालो, "मोटारीचं मागाहून बघू. पंचायतीतून पैसा काढा. कुस्त्या जोरात होऊ द्या. शेजारच्या गावानं नावं ठेवायला नकोत."

तेव्हा मागून एक म्हातारी उठली. ती म्हणाली, "बाबांनो, जत्रेला माझ्या लेकी येतील, जावई येतील. त्यांना प्यायला काय कुस्ती देऊ?"

सभा हसली. आम्ही गप्प झालो. पण म्हातारी खाली बसली नाही. ती ग्रामसेवकाला म्हणाली, "भाऊसाहेब, पाणीपट्टी कुणाकुणाची थकली ते वाचा बरं."

भाऊसाहेबांनी वही उघडली. यादीत पहिली नावे आमचीच होती! पेटीतून पैसा मागायला आम्ही पुढे, आणि पेटीत टाकायला मागे. म्हातारीची पट्टी मात्र भरलेली होती. पावती तिच्या कनवटीला होती. आम्हाला खाली बघावे लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही थकबाकी भरली. आमचे पाहून इतरांनीही भरली. मोटार दुरुस्त झाली. मग गावाने ठरवले. कुस्त्या आणि छबिना वर्गणीतून करायचा. पाणी, दिवे, गटारांची सफाई आणि जत्रेनंतरची झाडलोट पंचायतीने पाहायची. दुकानदारांकडून जागेची फी घ्यायची आणि पावती द्यायची. वर्गणीचा हिशेब देवळाच्या भिंतीवर लावायचा.

त्या वर्षी कुस्त्या थोड्या कमी झाल्या. पण एकही पाहुणा तहानेला परत गेला नाही.

मंडळी, हा प्रश्न आपल्याच गावचा नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या वेळी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने १००० रुपये खर्चावे, असा विचार पुढे आला. जोतीरावांचे म्हणणे पडले, की हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. विरोध करणारे ते एकटेच होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. पण आज त्या स्वागताची आठवण कोणाला आहे? जोतीरावांचे मत मात्र अजून सांगितले जाते. आमच्या म्हातारीला ही गोष्ट ठाऊक नव्हती. पण तिचा सवाल तोच होता.

तर मग आपण काय करायचे?

पहिले काम, ग्रामसभेला जायचे. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सभेला गावच्या मतदारांपैकी शेकडा १५, किंवा १०० मतदार, यांत जो आकडा लहान तेवढी माणसे हवीत. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते, तेव्हा ही अट राहत नाही. म्हणजे आपण घरी बसलो, तर दहा माणसे ठरवतील आणि ते साऱ्या गावाला लागू होईल. भगिनींनो, ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी, असेही कायद्यात आहे. तिथे तुमचे म्हणणे मोकळेपणी मांडा.

दुसरे काम, पट्टी वेळेवर भरायची आणि पावती घ्यायची. पावतीवर नाव आणि रक्कम बरोबर आहे का, ते तिथेच वाचायचे.

तिसरे काम, हिशेब विचारायचा. पंचायतीच्या वह्यांना नमुने म्हणतात. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. नमुना ५ म्हणजे रोकडवही. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

काल-परवापर्यंत वही समोर आली, की आपण अंगठा पुढे करत होतो. आता तुम्हाला अक्षर कळते, आकडा कळतो. म्हणून वही समोर आली, की आधी वाचा. जमा किती? खर्च किती? शिल्लक किती? कळले नाही तर विचारा. विचारण्यात भांडण नाही, आणि कमीपणाही नाही.

पेटी गावची आहे. तिच्यात काय आहे, हे गावाला ठाऊक हवे.